थेंबाची वाट

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरात मरे नदीच्या काठी एका मराठी माणसाची द्राक्षबाग होती. माणूस मूळचा तासगाव तालुक्यातला. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत. तासगावकडं बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर वाळवतात, ती रीत ऑस्ट्रेलियात रुळली आणि तिथून आपल्याकडं आली. त्यामुळं आप्पांनी मिल्ड्युरात पहिल्यांदा शेतात उभे रॅक बघितले, तेव्हा त्यांना ते गाव परकं वाटलंच नाही. कष्टानं त्यांनी बाग उभी केली. बेदाण्यापेक्षा खायच्या द्राक्षांत पैसा आहे हे ओळखून मोठा भाग तिकडं वळवला, पॅकिंगची शेड बांधली, शीतगृह उभारलं. मुलगा गावात हॉस्पिटलमध्ये नोकरीला. शेडचा सगळा कारभार सून बघायची आणि पुतण्या ट्रक चालवायचा.

ट्रक जुना, लहान, जपानी बनावटीचा. बागेतल्या ओळींमधून क्रेट उचलायचे आणि शेडवर आणून टाकायचे, एवढंच त्याचं काम. पण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. हमरस्त्यावर पळणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. ओळीत हळूहळू सरकणाऱ्या, दर दहा पावलांवर थांबणाऱ्या ट्रकला वारा घालतो तो फक्त त्याचा पंखा. आणि मिल्ड्युराचा उन्हाळा म्हणजे पारा ४० च्या वर जाऊन बसायचे दिवस.

त्या वर्षी जानेवारीत, तोडणी तोंडावर आली असताना, पुतण्याला ट्रकखाली ओलं दिसलं. रुपयाएवढा हिरवा डाग. त्यानं खाली आडवं होऊन बघितलं. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक होतं आणि त्यातून थेंब थेंब कूलंट येत होतं.

हे भोक काय असतं ते सांगायला हवं. पंपाच्या एका टोकाला पाण्यात फिरणारं चक्र, दुसऱ्या टोकाला पट्ट्यावर फिरणारी पुली, आणि दोघांना जोडणारा दांडा. दांडा बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, तिथं पाणी जाता कामा नये, म्हणून मध्ये सील असतं. एक कार्बनचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि एक सिरॅमिकचा, एकमेकांवर टेकून फिरणारे. ते कधीतरी झिजतात. झिजले की कूलंट पलीकडं झिरपतं. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली असते आणि तिथून ते भोक खाली उतरतं. झिरपलेला थेंब ग्रीसमध्ये न शिरता बाहेर पडतो, आणि खाली बघणाऱ्याला दिसतो. ज्या कुणा कारागिरानं पहिल्यांदा हे भोक पाडलं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपली वस्तू एक दिवस झिजणार, हे त्यानं ती घडवतानाच कबूल केलं आणि ती झीज लपणार नाही अशी सोय वस्तूच्याच अंगात करून ठेवली.

पुतण्यानं आप्पांना बोलावून दाखवलं. आप्पा म्हणाले, "आता ट्रक उभा करायचा? तोडणी सोमवारपासून आहे." गावाहून आणलेली एम-सीलची पाकिटं घरात होती. त्यांनी गोळा मळला, भोक पुसून घेतलं आणि अंगठ्यानं दाबून बुजवलं. दुसऱ्या दिवशी ट्रकखाली जमीन कोरडी होती.

"झालं की," आप्पा म्हणाले.

तोडणी सुरू झाली. सुनेनं शेडमध्ये एक तक्ता ठेवला होता. कुठल्या ओळीचा माल, किती वाजता तोडला, शेडमध्ये किती वाजता आला, आणि मण्यात सुई खुपसून घेतलेलं तापमान. पहाटे तोडलेला माल विशी-बाविशीत यायचा. दुपारी एकनंतरचा पस्तिशी ओलांडून यायचा. वेलीवरून घड सुटला की त्याला पाणी देणारं कुणी उरत नाही. जितका वेळ तो गरम राहील तितकं पाणी उडतं आणि सगळ्यात आधी देठ सुकतो. मणी अजून टच्च असतो, पण देठ तपकिरी पडतो. व्यापारी पेटी उघडतो तेव्हा पहिल्यांदा देठ बघतो. म्हणून माल लवकरात लवकर प्रीकूलिंगला लावून शून्याजवळ उतरवायचा असतो. नाशिक-सांगलीतल्या निर्यातदारांना हे पाठ आहे, आणि आप्पांनाही ठाऊक नव्हतं असं नाही.

"आप्पा, दुपारचा माल फार गरम येतोय," सून संध्याकाळी म्हणाली. "खोलीला तो ओढवत नाही. आपण फटफटतानाच सुरू करू आणि अकराला थांबू."

"अकराला थांबून कसं चालंल? माणसं आणलीत. मेलबर्नची गाडी रात्री भरायला लागते."

गाडी रात्रभर साडेपाचशे किलोमीटर जाऊन पहाटे एपिंगच्या घाऊक बाजारात लागायची. ती अर्धी रिकामी पाठवायची ही गोष्ट आप्पांच्या जिवाला लागायची. सुनेनं पुन्हा एकदा सांगितलं, त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा तिनं तक्ताच समोर ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "हा तापमानाचा रकाना कशाला पाहिजे? सुया खुपसण्यात पोरांचा वेळ जातो. काढून टाक." तिनं काढून टाकला. त्यानंतरच्या संध्याकाळी शांत गेल्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर ट्रकच्या पुढच्या बाजूनं घरघर यायला लागली. पुली हातानं हलवली तर दांडाच खुळखुळत होता. पुतण्यानं एका रविवारी नवा पंप आणून बसवला. गॅस्केट नवं, कूलंट नवं. घरघर थांबली. जुना पंप त्यानं गॅरेजच्या फळीवर टाकला. "पंपच गेला होता," असं आप्पा दोन-तीन जणांना म्हणाले.

त्याच आठवड्यात मेलबर्नहून व्यापाऱ्याचा फोन आला. देठ तपकिरी, भाव पाडून घेतला. आप्पा शेडमध्ये आले आणि सगळ्यांदेखत सुनेला म्हणाले, "इथं लक्ष राहिलेलं नाही तुझं." दुसऱ्या दिवसापासून पुतण्या शेडमध्ये आणि सून घरी जेवणाच्या टेबलावर हिशेबाला. ट्रकवर स्वतः आप्पा बसले.

मार्चच्या सुरुवातीला सुनेचे आईवडील भारतातून आले. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, तिथूनच निवृत्त झालेले. कमी बोलणारा माणूस, त्यातून लेकीचं सासर. मुलीच्या घरी बापानं काय बघावं आणि काय बघू नये याचे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचे संकेत आहेत, आणि ते विमानात बसल्यानं गळून पडत नाहीत. पोरगी शेड सोडून घरात का बसलीये, हे त्यांनी विचारलं नाही.

आप्पांनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. व्याह्यांना यंत्रांची आवड म्हणून ते त्यांना किंग्ज बिलाबाँगला सायकी बेंडचं जुनं पंपघर दाखवायला घेऊन गेले. या गावात वर्षाला ३०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. इथं जे हिरवं दिसतं ते सगळं नदीतून उपसलेल्या पाण्यावर. जॉर्ज आणि विल्यम चॅफी या कॅनडाच्या भावांनी १८८७ साली ही वसाहत मांडली. जॉर्जनं आखलेलं वाफेचं इंजिन बर्मिंगहॅमच्या टँजी कारखान्यात बनलं आणि १८९१ ला इथं सुरू झालं. १९५९ पर्यंत ते पाणी उचलत होतं. व्याही इंजिनाभोवती चार वेळा फिरले. पण त्यांनी जास्त चौकशी केली ती पुढच्या भागाची. इंजिन असं भक्कम, तरी १८९५ ला चॅफींची कंपनी का बुडाली?

आप्पांना ते ठाऊक होतं. बँका कोसळल्या होत्या, मालाला बाजारापर्यंत न्यायला रेल्वे नव्हती, ती आली १९०३ ला. आणि कालवे मातीचे. पाणी मुरायचं, शिवाय यॅबी नावाचा झिंग्याच्या कुळातला जीव बांध पोखरून बिळं करायचा. लांबच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचायचंच नाही.

"लोकांनी सांगितलं असंल की," व्याही म्हणाले.

"बोंबलून सांगितलं. शेवटी सरकारनं १८९६ ला चौकशी आयोग बसवला. तवर उशीर झाला होता. जॉर्ज कॅलिफोर्नियाला परत गेला. धाकटा विल्यम मात्र इथंच राह्यला, १९२६ ला मरेपर्यंत."

"राह्यला हे बरं केलं," व्याही म्हणाले आणि बराच वेळ इंजिनाकडं बघत राहिले.

परत आले तर ट्रकखाली हिरवा डाग. नवा पंप गळत होता. आप्पा भडकले. "माल बनवतात का खेळणी? महिना नाही झाला!" तेवढ्यात शेडमधून पुतण्या आला आणि म्हणाला, "आप्पा, एक सांगू का? दुपारचा माल लई गरम येतोय."

"तू पण सुरू केलंस का तेच!" आप्पा ओरडले.

व्याही पायरीवर बसून हे ऐकत होते. सून आत टेबलावर होती, तिलाही ते ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच व्याही ट्रकपाशी उभे होते. "आप्पा, माझा व्हिसा फिरायचा. कामाला हात लावायचा न्हाई मी. पण तुम्ही हात लावा, मी नुस्ता बघतो. इंजिन गार हाय तवरच बघायचं असतंय. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा."

आप्पांनी काढली.

"पंख्याचं पातं टोकाला धरा. पुढं-मागं हलवा."

पातं बोटभर पुढं आलं, बोटभर मागं गेलं.

"आता हातानं फिरवा."

पंखा गरगर फिरला आणि फिरतच राहिला. "चांगला क्लच गार असताना हाताला जड लागतोय. एक-दीड फेऱ्यात थांबला पायजे. आता क्लचच्या पोटावरनं बोट फिरवा." आप्पांचं बोट काळं, चिकट झालं. मध्यापासून कडेकडं धुळीच्या ओल्या रेघा उमटलेल्या होत्या.

या ट्रकमध्ये पंख्याचा क्लच वॉटर पंपाच्याच दांड्यावर पुढं बसतो. आत घट्ट सिलिकॉन तेल असतं. समोर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून गरम हवा आली की ती ताणली जाऊन झडप उघडते, तेल खाचांमध्ये उतरतं आणि पंखा दांड्याबरोबर जोरानं फिरायला लागतो. हवा गार झाली की पंखा सुटा होतो, म्हणजे डिझेल वाया जात नाही. या क्लचमधलं तेल निघून गेलं होतं, म्हणून ओळीत हळू चालताना पंखा नुसता फिरल्यासारखा दिसायचा, वारा ओढत नव्हता. आणि त्याचं स्वतःचं बेअरिंग झिजलं होतं, म्हणून अख्खा पंखा डोलत होता. ते डोलणं दर फेरीला पंपाच्या दांड्याला हिसका देत होतं. जिथं दोन पृष्ठभाग केसाचंही अंतर न सोडता एकमेकांवर टेकून फिरायला हवेत, तिथं दांडाच हलला तर कुठलं सील टिकणार?

"पण गळतोय तर पंप," आप्पा म्हणाले.

"गळतोय पंप. बिघडलाय ह्यो."

"मग पहिला पंप?"

पुतण्यानं फळीवरून जुना पंप आणला. व्याह्यांनी तो हातात घेऊन उलटा केला. भोकाच्या जागी राखाडी गोळा घट्ट बसलेला.

"हे काय?"

पुतण्या आप्पांकडं बघायला लागला. "मी लावलं," आप्पा म्हणाले. "थेंब बंद झाला होता त्यानं."

"थेंब बंद झाला न्हवता, आप्पा. त्यानं वाट बदलली." व्याह्यांनी दांडा फिरवून दाखवला, बेअरिंगमधून करकर आवाज आला आणि तांबूस पाणी ओघळलं. "भाईर यायचा त्यो आत गेला. ग्रीस धुऊन काढलं. मग पंप बदलला, बरं केलं. त्याला दुसरा इलाजच न्हवता. पर नव्या पंपानं पण तीच गोष्ट सांगितली. आता तिसरा आणा, चौथा आणा. ज्याला ह्यो हिसका बसणार, त्यो गळणार."

आप्पा क्लचकडं बघत होते. "मग पहिल्याच दिवशी ह्याच्याकडं कुणाचं लक्ष कसं गेलं नाही?"

"कसं जाणार? ह्यो गळत न्हाई, किरकिरत न्हाई. सगळ्यात पुढं बसलाय, सगळ्यांस्नी वारा घालतोय असं दिसतंय. त्याला कोण हात लावतंय?"

व्याह्यांनी हे पंख्याबद्दल म्हटलं की आणखी कशाबद्दल, हे मला ठरवता येत नाही. सारी उमर इंजिनात घातलेला माणूस क्लचबद्दल बोलतो तेव्हा क्लचबद्दलच बोलत असतो. पण त्या घरातल्या पोरीचा बापही तोच होता.

त्या दिवशी दुपारी आप्पांनी ट्रक उभा ठेवला. पुतण्यानं काम केलं, व्याह्यांनी सांगितलं, आणि आप्पा पाने देत राहिले. कूलंट स्वच्छ ट्रेमध्ये काढलं आणि ट्रे लगेच झाकला, कारण ते चवीला गोड असतं आणि कुत्र्याच्या पोटात गेलं तर कुत्रं मरतं. आप्पांची केल्पी कुत्री तिथंच घुटमळत होती, तिला बांधून घातलं. पट्टा सैल करण्याआधी क्लचचे चार नट ढिले केले, कारण पट्टा ताठ आहे तोवरच पुली जागेवर धरून राहते. रेडिएटरच्या जाळीपुढं पुठ्ठा उभा केला, म्हणजे पातं लागून जाळी फाटायला नको. पंख्याभोवतीचं कव्हर, पंखा आणि क्लच एकदमच वर उचलून काढलं. पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. व्याह्यांनी एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढायला लावलं आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवायला सांगितला. जुनं गॅस्केट खरवडताना पुतण्या घाई करायला लागला, तेव्हा ते एकदाच आवाज चढवून बोलले, "अ‍ॅल्युमिनियम हाय ते! ओरखडा पडला की तिथनं गळंल."

नवा पंप, नवा क्लच, नवे पट्टे. नवा क्लच खोक्यातून काढून पुतण्यानं बाकावर आडवा ठेवला होता, तो उभा करायला लावला. आडवा ठेवला तर आतलं तेल जागा सोडतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, शेवटी टॉर्क पान्यानं आवळले. कूलंट निम्मं आणि क्षार काढलेलं पाणी निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं, वरची नळी दाबून दाबून हवा काढली. जुना क्लच आप्पांनी हातात घेतला, मधला भाग एका हातात आणि कडा दुसऱ्या हातात धरून बराच वेळ हलवून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आप्पांनी ओळीतून क्रेट भरून आणले. काटा मध्याच्या वर गेला नव्हता. शेडसमोर ट्रक थांबवून ते उतरले, आत गेले आणि सुनेची तापमानाची सुई खणातून शोधून काढली. आपणच आणलेल्या मालात ती त्यांनी खुपसली. ३७. दुसरा क्रेट, ३८. सावलीतला एक निवडून बघितला, ३६. पुतण्या काही बोलला नाही. बोलायची त्याची हिंमत दोन दिवसांपूर्वीच संपली होती.

संध्याकाळी आप्पा जेवणाच्या टेबलाशी आले. सून बिलं लावत होती. व्याही-विहीण ओट्याशी चहा घेत होते; ते उठून बाहेर जायला लागले तर आप्पा म्हणाले, "बसा पाव्हणं. तुमच्यासमोरच बोलायचंय." मग सुनेकडं वळले. "शेडमध्ये सगळ्यांसमोर बोललो मी तुला. ते चुकलं माझं. देठ तुझ्यामुळं सुकले नव्हते. मी दुपारी तोडत होतो म्हणून सुकले. उद्यापासून तू शेडवर ये."

सुनेनं बिलांवरून नजर उचलली नाही. "येते आप्पा. पण तोडणीची वेळ मी ठरवणार."

"ठरव."

"मेलबर्नची गाडी अर्धी गेली तरी?"

आप्पांना हे जड गेलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "गेली तरी," ते म्हणाले. "आणि तो रकाना मी परत घातलाय तक्त्यात."

तिनं तक्ता उघडला. अगदी शेवटी, शेऱ्याच्याही पलीकडं, आप्पांनी रकाना आखला होता आणि त्यात दुपारचे तीन आकडे भरले होते.

"इथं नको," ती म्हणाली. "इथं कुणी बघणार नाही. पहिला पाहिजे, उघडल्या उघडल्या दिसायला पाहिजे." तिनं तो उचलून सगळ्यात पुढं आणला. मग पुतण्याला हाक मारली. "उद्यापासून फटफटताना सुरू. अकरानंतर तोडलेला क्रेट शेडमध्ये घ्यायचा नाही."

"आणि ट्रक घेऊन आप्पाच आले तर?"

सुनेनं आप्पांकडं बघितलं.

"तरी घ्यायचा नाही," आप्पा म्हणाले. "लिही, तक्त्यावरच लिही ते."